घटते चलन

घटते चलन म्हणजे ज्याचे दर्शनी मूल्य पूर्वघोषित दराने व ठरावीक कालांतराने आपोआप कमी होत जाते, असे चलन होय. यास ऱ्हासशील चलन, मुद्रांकित चलन किंवा डेमरेज चलन असेही म्हणतात. यातील ‘डेमरेज’ हा शब्द मूळचा जहाजवाहतुकीतील आहे. ठरल्या मुदतीत माल उतरवून जहाज किंवा रेल्वेचा डबा मोकळा केला नाही, तर जो दंड भरावा लागतो तो डेमरेज. बंदरातील व मालधक्क्यावरील व्यापाऱ्यांच्या बोलीत हा शब्द आजही प्रचलित आहे. चलनाच्या संदर्भात त्याचा अर्थ पैसा अडवून ठेवल्याबद्दलचा आकार असा होतो.

या कल्पनेची पद्धतशीर मांडणी जर्मन व्यापारी व अर्थचिंतक सिल्व्हिओ गेझेल (१८६२–१९३०) यांनी केली. तिचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग १९३२–३३ मध्ये ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतातील वोर्गल या लहानशा गावात झाला. व्याजदर शून्याखाली नेता येतो का, हा प्रश्न एकविसाव्या शतकात मध्यवर्ती बँकांपुढे उभा राहिला, तेव्हा ही जवळजवळ विस्मृतीत गेलेली कल्पना पुन्हा चर्चेत आली.

स्वरूप

कागदी चलनाच्या बाबतीत सर्वांत रूढ पद्धत तिकिटे चिकटवण्याची आहे. नोटेच्या पाठीवर किंवा दर्शनी बाजूस बारा महिन्यांचे (अथवा बावन्न आठवड्यांचे) चौकोन छापलेले असतात. महिना बदलला की त्या महिन्याच्या चौकोनात ठरलेल्या किमतीचे तिकीट चिकटवावे लागते. तिकीट नसलेली नोट पूर्ण किमतीला कोणी घेत नाही. समजा, १०० रुपयांच्या नोटेवर दरमहा १ टक्का आकार आहे. ज्याने ती नोट वर्षभर पेटीत ठेवली, त्याला एकूण १२ रुपयांची तिकिटे घ्यावी लागतील. ज्याच्या हाती ती ५ तारखेला आली आणि २५ तारखेला गेली, त्याला काहीच भरावे लागणार नाही. आकाराचा भार नोट वापरणाऱ्यावर पडत नाही. महिना बदलण्याच्या क्षणी नोट ज्याच्या खिशात असेल, त्याने तो भरायचा असतो.

हा फरक महत्त्वाचा असून अनेक प्रयोग तो न समजल्याने बिघडले. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या हॉवर्डन या गावाने १९३२ मध्ये काढलेल्या एक डॉलरच्या प्रमाणपत्रांवर दर आठवड्याला नव्हे, तर दर व्यवहाराला ३ सेंटचे तिकीट लावायचे होते. अशी ३६ तिकिटे लागली की १ डॉलर ८ सेंट जमा होत आणि प्रमाणपत्र फेडून रद्द करता येई. गावाच्या तिजोरीच्या दृष्टीने हिशेब बरोबर होता. परंतु हा आकार खर्च करणाऱ्यावर पडत होता. प्रमाणपत्र घरी ठेवले तर भुर्दंड शून्य, बाजारात नेले तर ३ सेंट, म्हणजे मूळ कल्पनेच्या नेमके उलटे. अमेरिकी अर्थतज्ज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी १९३३ मध्ये मुद्रांकित चलनावर जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात त्यांचा भर कालावधीवर आधारलेल्या आकारावर होता.

चलनवाढीहून वेगळेपण

पैशाची किंमत चलनवाढीमुळेही घटतेच, मग वेगळे घटते चलन कशासाठी, असा प्रश्न साहजिकपणे विचारला जातो. चलनवाढीत नोटेवरचा आकडा तसाच राहतो व वस्तूंचे भाव चढतात. परिणामी रोख बाळगणाऱ्याबरोबरच ज्याने पैसे उधार दिले आहेत, ज्याचे निवृत्तिवेतन ठरावीक रकमेचे आहे, ज्याने दीर्घ मुदतीचा करार केला आहे, अशा सर्वांचे नुकसान होते आणि कर्जदाराचा फायदा होतो. घटत्या चलनात भावपातळी स्थिर राहू शकते. शंभर एककांचे कर्ज शंभर एककांचेच राहते. झिजते ती केवळ हातातील नोट. गेझेल यांच्या योजनेत तर भाव स्थिर ठेवण्याची स्पष्ट जबाबदारी एका चलन कार्यालयावर होती. चलनवाढ ही त्यांच्या दृष्टीने फसवणूकच होती. चलनवाढीचा दर आगाऊ कोणालाही ठाऊक नसतो. घटत्या चलनाचा दर मात्र नोटेवरच छापलेला असतो.

पूर्वपीठिका

काळाबरोबर किंमत उतरणारी नाणी हा आधुनिक शोध नव्हे. बाराव्या ते चौदाव्या शतकांत मध्य व उत्तर जर्मनीत ब्रॅक्टिएट नावाची, एका बाजूने ठसा उमटवलेली पातळ चांदीची नाणी प्रचारात होती. ती ठरावीक काळाने परत मागवली जात व त्यांच्या बदल्यात कमी संख्येने नवी दिली जात. १२ जुन्या नाण्यांना ९ नवी हे प्रमाण पुष्कळदा आढळते. माग्डेबुर्गचे आर्चबिशप व्हिकमान यांच्या काळात तर ही बदली वर्षातून दोनदा होत असे. हा उघडउघड कर होता व त्याचा हेतू पैसा फिरता ठेवणे हा नसून सत्ताधीशाची तिजोरी भरणे हा होता. पुढे अनेक नगरांनी सत्ताधीशांना एकरकमी मोबदला देऊन ही पद्धत बंद करून घेतली आणि न बदलणारी, तथाकथित ‘शाश्वत’ नाणी मिळवली. गेझेलवादी लेखक या काळाचे वर्णन सुबत्तेचे युग म्हणून करतात. मात्र ज्यांना ही नाणी वापरावी लागत, त्यांनी पैसे मोजून त्यांच्यापासून सुटका करून घेतली, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

भारतात याच्याशी जवळचा असा प्रकार बंगालच्या सिक्का रुपयाचा होता. टांकसाळीतून नव्याने पडलेला रुपया त्या वर्षापुरता ‘सिक्का’ म्हणून पूर्ण किमतीला चाले. दुसऱ्या वर्षी त्यावर सुमारे ३ टक्के आणि तिसऱ्या वर्षापासून ५ टक्के बट्टा कापला जाई. वर्षभरात चांदीची प्रत्यक्ष झीज इतकी होत नसे. बट्टा नाण्यावरील सनावर अवलंबून होता. याचा लाभ सराफांना आणि टांकसाळीवर प्रभाव असलेल्या मुर्शिदाबादच्या जगतशेठ घराण्यासारख्या पेढ्यांना मिळे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ईस्ट इंडिया कंपनीने सर्व रुपयांवर बादशहा शाह आलम दुसरा याच्या राज्यारोहणाचे १९वे वर्षच कायम छापावयाचे ठरवून हा वार्षिक बट्टा निकालात काढला. त्यामुळे अनेक दशकांनंतर पाडलेल्या रुपयांवरही १९ हाच सन आढळतो. मराठीत ‘नावाला बट्टा लागणे’ हा वाक्प्रचार रूढ आहे, त्यातील बट्टा हा नाण्यांच्या व्यवहारातलाच शब्द होय.

सिल्व्हिओ गेझेल व त्यांची मांडणी

गेझेल यांचा जन्म १७ मार्च १८६२ रोजी सांक्ट फिट येथे झाला. हे गाव तेव्हा प्रशियात होते, आता ते बेल्जियममध्ये आहे. १८८७ मध्ये ते अर्जेंटिनातील ब्युनोस आयरेसला गेले व तेथे दंतवैद्यकाच्या साहित्याचा व्यापार करू लागले. १८९० च्या सुमारास अर्जेंटिनावर तीव्र आर्थिक संकट कोसळले. गोदामे मालाने भरलेली, गरजू माणसे दारोदार आणि तरीही विक्री ठप्प, हे दृश्य त्यांनी दुकानाच्या गल्ल्यामागून पाहिले. विद्यापीठीय शिक्षण नसलेल्या या व्यापाऱ्याने १८९१ मध्ये चलनसुधारणेवरील आपली पहिली पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे युरोपात परतून स्वित्झर्लंडमध्ये शेती करीत त्यांनी लेखन चालू ठेवले आणि १९१६ मध्ये मुक्त भूमी व मुक्त चलन या दोन सूत्रांवर आधारलेला आपला प्रमुख ग्रंथ पूर्ण केला. जर्मन भाषेत या चलनाला त्यांनी ‘फ्रायगेल्ट’, म्हणजे मुक्त चलन, असे नाव दिले.

त्यांच्या युक्तिवादाचा आरंभ एका साध्या निरीक्षणापासून होतो. बटाटे सडतात, लोखंड गंजते, कापडाला कसर लागते, वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी शिळे होते आणि मजुराचा न विकला गेलेला दिवस तर कायमचाच जातो. विकणाऱ्याला थांबणे परवडत नाही. पैसा मात्र सडत नाही. त्यामुळे पैसेवाला वाट पाहू शकतो व ही वाट पाहण्याची ताकद म्हणजेच त्याची सौदाशक्ती होय. तो आपला पैसा व्यवहारात आणण्यासाठी मोबदला मागतो. गेझेल यांच्या मते व्याजाचे मूळ येथे आहे. भांडवलाच्या उत्पादकतेतून किंवा बचत करणाऱ्याच्या संयमातून ते निर्माण होते, हे त्यांना मान्य नव्हते. भाव पडू लागले की पैसेवाल्याला थांबण्याने अधिकच लाभ होतो. तो पैसा आवरून धरतो, मागणी आणखी घटते, भाव आणखी पडतात. मंदीचे हे दुष्टचक्र तोडायचे तर पैशालाही मालासारखेच नाशिवंत करावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांनी सुचवलेला दर आठवड्याला हजारी १, म्हणजे वर्षाला सुमारे ५.२ टक्के होता.

बचत करणाऱ्याचे काय, या आक्षेपाला त्यांचे उत्तर असे होते की त्याने पैसा घरी न ठेवता दुसऱ्याला उधार द्यावा. व्याज मिळणार नाही, पण मुद्दल शाबूत राहील, कारण तिकिटांचा खर्च आता ऋणकोच्या माथी असेल. घेणाराही पैसा साठवणार नाही, लगेच खर्च करील. अशा रीतीने हळूहळू व्याजदर शून्याकडे सरकेल, अशी त्यांची अपेक्षा होती. योजनेचा दुसरा भाग, म्हणजे जमिनीचे मोबदला देऊन राष्ट्रीयीकरण, आज फारसा चर्चिला जात नाही. परंतु गेझेल यांच्या दृष्टीने तो अपरिहार्य होता. पैसा साठवता येईनासा झाला की लोक जमीन घेऊन ठेवतील, हे त्यांनी ओळखले होते.

एप्रिल १९१९ मध्ये बव्हेरियात स्थापन झालेल्या अल्पजीवी सोव्हिएत प्रजासत्ताकात गेझेल यांच्याकडे अर्थखाते सोपवण्यात आले. त्यांचा कार्यकाळ जेमतेम आठवडाभराचा ठरला. कम्युनिस्टांनी सत्ता हाती घेताच त्यांना पायउतार व्हावे लागले. प्रजासत्ताक चिरडले गेल्यावर त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरला गेला, त्यातून ते निर्दोष सुटले. ११ मार्च १९३० रोजी, म्हणजे त्यांची कल्पना प्रत्यक्षात उतरण्याच्या थोडे आधी, त्यांचे निधन झाले.

श्वानेनकिर्शनची खाण

गेझेल यांच्या अनुयायांनी १९२९ मध्ये एरफुर्ट येथे एक विनिमय संस्था काढून ‘व्हेरा’ नावाचे खासगी चलन सुरू केले. त्यावर दरमहा १ टक्का आकार होता. बव्हेरियातील श्वानेनकिर्शन या खेड्यात बंद पडलेली कोळसा खाण माक्स हेबेकर या अभियंत्याने विकत घेतली होती. ती पुन्हा सुरू करताना त्याने कामगारांना व्हेरामध्ये मजुरी देऊ केली. गावातील दुकानदार प्रथम हे कागद घ्यायला तयार नव्हते. हेबेकरने स्वतःचे दुकान उघडून तेथे व्हेरा स्वीकारताच गिऱ्हाईक हातचे जाते हे पाहून इतरही वळले. ऑक्टोबर १९३१ मध्ये जर्मन सरकारने अशा चलनांवर बंदी घातली व खाण पुन्हा बंद पडली.

वोर्गलचा प्रयोग

वोर्गल हे इन नदीच्या खोऱ्यातील सुमारे ४,००० वस्तीचे रेल्वे जंक्शन. मे १९३१ मध्ये व्हिएन्नातील क्रेडिटानश्टाल्ट ही बँक कोसळल्यानंतर ऑस्ट्रियाची मंदी गडद झाली. रेल्वेने माणसे कमी केली, परिसरातील कारखान्यांनी काम आखडते घेतले आणि गावात सुमारे ४०० जण बेकार झाले. गावावर इन्सब्रुकच्या बचत बँकेचे सुमारे १३ लाख शिलिंग कर्ज होते, त्याचे व्याजही देणे जमत नव्हते. उलट गावकऱ्यांकडून गावाला येणे असलेली करांची थकबाकी सुमारे १,१८,००० शिलिंगांवर गेली होती. कर कोणी भरत नव्हते, कारण कोणाकडे पैसा नव्हता. पैसा नसल्याने गाव कोणाला काम देऊ शकत नव्हते.

मिखाएल उंटरगुगेनबेर्गर (१८८४–१९३६) हे या गावाचे महापौर. ते रेल्वेतील कामगार, कामगार संघटनेतले कार्यकर्ते व सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे सभासद होते. गेझेल यांचे लेखन त्यांनी वाचले होते. गावातील व्यापारी, धर्मगुरू व इतर पक्षांच्या सभासदांशी बोलून त्यांनी जुलै १९३२ मध्ये साहाय्य समितीकडून योजना संमत करून घेतली. ३१ जुलै १९३२ रोजी पहिली प्रमाणपत्रे बाहेर पडली.

त्यांना ‘नोट’ म्हटलेले नव्हते. केलेल्या कामाची पावती, अशा अर्थाचे नाव त्यांना देण्यात आले होते. नोटा काढण्याचा अधिकार केवळ ऑस्ट्रियन राष्ट्रीय बँकेला असल्याने ही काळजी घेण्यात आली. १, ५ व १० शिलिंग अशा तीन किमतींची मिळून ३२,००० शिलिंगांची प्रमाणपत्रे छापली गेली. प्रत्यक्षात एका वेळी सरासरी साडेपाच हजार शिलिंगांच्या आसपासच फिरत होती. दरमहा १ टक्का आकार असे, म्हणजे १० शिलिंगांच्या प्रमाणपत्राला १० ग्रोशेनचे तिकीट. जितकी प्रमाणपत्रे बाहेर, तितके खरे शिलिंग स्थानिक राइफायझेन पतपेढीत तारण म्हणून ठेवलेले असत. कोणालाही २ टक्के कपात सोसून प्रमाणपत्र शिलिंगांत बदलून घेता येई. या तारणामुळे दुकानदारांचा विश्वास बसला, हे या प्रयोगाच्या गौरवपर वर्णनांत बहुधा एखाद्या वाक्यात उरकले जाते.

गावाने या प्रमाणपत्रांत कामगारांना मजुरी आणि नोकरांना वेतनाचा मोठा भाग दिला. स्वतः महापौरांनीही आपले मानधन त्यांतच घेतले. कामगार ती घेऊन वाण्याकडे, खाटकाकडे, शिंप्याकडे गेले. रेल्वे व टपाल कार्यालय ही केंद्रीय खाती असल्याने त्यांनी ती नाकारली. बाकी गावात ती चालू लागली. महिना संपत आला की ज्याच्या हाती प्रमाणपत्र असे, तो तिकीट टाळण्याचा मार्ग शोधे. सर्वांत सोपा मार्ग गावच्या कचेरीतच होता. कर भरायला प्रमाणपत्र पूर्ण किमतीला चाले. थकबाकी भरली जाऊ लागली. काहींनी तर पुढचे करही आगाऊ भरले. कचेरीत परत आलेली प्रमाणपत्रे दुसऱ्याच दिवशी मजुरीच्या रूपाने पुन्हा बाहेर पडत. त्यातून रस्ते दुरुस्त झाले, गटारे व दिवे झाले, स्कीच्या उड्यांसाठी उतार बांधला गेला आणि एक पूल उभा राहिला. तो मुक्त चलनातून बांधल्याचे त्यावर लिहिलेले होते.

शेजारच्या किर्शबिश्ल गावाने लवकरच अनुकरण केले आणि आणखी अनेक गावे त्या वाटेवर होती. राष्ट्रीय बँकेला खरी धास्ती याचीच होती. एका गावाचे काही हजार शिलिंग नगण्य होते. शेकडो गावांनी आपापली चलने काढली असती, तर नोटा काढण्याचा एकाधिकार नावापुरता उरला असता. प्रशासनाने १९३३ च्या आरंभीच बंदीचा आदेश काढला. त्याविरुद्ध अपिले चालू असेपर्यंत प्रमाणपत्रे फिरत राहिली. १५ सप्टेंबर १९३३ रोजी ती मागे घेण्यात आली आणि १८ नोव्हेंबर १९३३ रोजी प्रशासकीय न्यायालयाने गावाचे अपील फेटाळले.

निष्कर्षांविषयी मतभेद

साडेतेरा महिन्यांच्या या प्रयोगाभोवती मोठे आख्यान तयार झाले आहे. गावातील बेकारी सुमारे एक चतुर्थांशाने घटली व त्याच वेळी देशात ती वाढत होती, असे वारंवार लिहिले जाते. प्रत्येक प्रमाणपत्र चारशेहून अधिक वेळा हातोहात फिरले, असाही एक आकडा प्रचलित आहे. दुकानातील प्रत्येक देवघेवीची नोंद कोणी ठेवत नव्हते. म्हणून असे आकडे अंदाज मानणेच योग्य होय.

अधिक मूलभूत प्रश्न असा की गावाला सावरले ते कशाने? तिकिटांचे उत्पन्न अल्प होते. साडेपाच हजार शिलिंगांवर १ टक्का म्हणजे महिन्याला सुमारे ५५ शिलिंग, एवढ्यावर पूल बांधता येत नाही. खरा निधी थकलेल्या करांच्या वसुलीतून आला. गावकऱ्यांनी कर भरले याचे श्रेय तिकिटाच्या भीतीला द्यायचे, की एरवी निष्क्रिय पडलेल्या गावात थोडे का होईना विनिमयाचे साधन उपलब्ध झाले त्याला, यावर अभ्यासकांत एकवाक्यता नाही. तिकीट नसलेले, परंतु कर म्हणून स्वीकारले जाणारे प्रमाणपत्र काढले असते, तर काय झाले असते, हे पडताळून पाहण्यासाठी दुसरे वोर्गल नव्हते.

ग्रेशमच्या नियमानुसार वाईट पैसा चांगल्या पैशाला व्यवहारातून हुसकावून लावतो. वोर्गलमध्ये दोन चलने एकाच वेळी उपलब्ध असल्याने लोक प्रमाणपत्र आधी खर्च करीत आणि शिलिंग जपून ठेवीत. त्यामुळे प्रमाणपत्रांचा वेग वाढलेला दिसला, तरी गावातील एकूण खर्च तितक्या प्रमाणात वाढला असे त्यावरून म्हणता येत नाही. संपूर्ण देशाचे चलनच घटते असेल तर काय होईल, याचे उत्तर या गावावरून मिळत नाही.

अमेरिका व कॅनडा

फिशर यांनी वोर्गलची माहिती अमेरिकेत पोचवली. फेब्रुवारी १९३३ मध्ये अलाबामाचे सिनेटर बँकहेड व इंडियानाचे प्रतिनिधी पेटेंगिल यांनी अमेरिकी काँग्रेसमध्ये विधेयक मांडले. त्यानुसार शंभर कोटी डॉलरची प्रमाणपत्रे काढून प्रत्येक डॉलरवर दर आठवड्याला २ सेंटचे तिकीट लावायचे होते. हा दर गेझेल यांच्या दराच्या वीसपट होता, कारण उद्देशच निराळा होता. ५२ आठवड्यांत १ डॉलर ४ सेंट जमा होऊन प्रमाणपत्र आपोआप फिटावे, अशी ती योजना होती. विधेयक संमत झाले नाही.

कॅनडातील आल्बर्टा प्रांताचे पंतप्रधान विल्यम एबरहार्ट यांनी ऑगस्ट १९३६ मध्ये ‘समृद्धी प्रमाणपत्रे’ काढली. एका डॉलरवर दर आठवड्याला १ सेंट, दोन वर्षांत १०४ तिकिटे. पण प्रांताचे सरकारच ती करापोटी घ्यायला तयार नव्हते. ज्याने चलन काढले तोच ते घेत नाही, हे कळल्यावर व्यापाऱ्यांनी पाठ फिरवली आणि १९३७ मध्ये योजना गुंडाळली गेली. वोर्गलची कचेरी व एडमंटनची कचेरी यांतील हा फरक दोन्ही प्रयोगांच्या भवितव्याविषयी बरेच काही सांगून जातो.

केन्स यांची समीक्षा

जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ च्या आपल्या प्रमुख ग्रंथात गेझेल यांच्यासाठी काही पृष्ठे खर्ची घातली. आरंभी आपण त्यांना विक्षिप्तांत काढले होते, याची कबुली देऊन त्यांनी गेझेल यांची अंतर्दृष्टी मूलगामी असल्याचे मान्य केले. मार्क्सपेक्षा गेझेल यांच्या विचारप्रवृत्तीपासून पुढील काळ अधिक शिकेल, असेही मत त्यांनी नोंदवले. तिकिटामागची कल्पना त्यांना तत्त्वतः निर्दोष वाटली. सुचवलेला ५.२ टक्के दर मात्र त्या वेळच्या परिस्थितीत फार जास्त वाटला.

त्यांचा आक्षेप वेगळा व अधिक खोलवरचा होता. लोक पैसा धरून ठेवतात ते तो सडत नाही एवढ्यासाठीच नव्हे, तर तो हवा तेव्हा कशातही रूपांतरित करता येतो म्हणून. ही तरलता केवळ नोटेतच असते असे नाही. नोटेची तरलता तिकिटाने हिरावून घेतली, तर बँकेतील ठेवी, मागताक्षणी परत मिळणारी उधारी, परकीय चलन, दागिने व मौल्यवान धातू एकामागून एक तिची जागा घेतील. जेथे घरोघरी बचत सोन्यात साठवली जाते, अशा समाजातील वाचकाला हा आक्षेप चटकन पटण्यासारखा आहे. याखेरीज ज्यांच्याकडे बँक खाते नसून रोखीवाचून दुसरे साधन नाही, त्यांच्यावरच या आकाराचा भार तुलनेने जास्त पडेल, असा सामाजिक न्यायाच्या अंगाने आक्षेपही घेतला जातो. श्रीमंताची बहुतांश मालमत्ता रोख स्वरूपात नसतेच.

उत्तरकालीन प्रयोग

स्वित्झर्लंडमध्ये गेझेलवाद्यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेली ‘व्हिर’ ही विनिमय संस्था लहान व मध्यम उद्योगांसाठी आजही बँक म्हणून कार्यरत आहे. तथापि, तिने आपल्या चलनावरील घटीचा आकार पुढे सोडून दिला. ती टिकली ती गेझेल यांच्या सूत्राला मुरड घालून, असे तिचे टीकाकार आणि समर्थक दोघेही म्हणतात, अर्थात भिन्न सुरांत.

बव्हेरियातील प्रीन येथे २००३ मध्ये एका शिक्षकाने विद्यार्थ्यांसह सुरू केलेले ‘कीमगाउअर’ हे प्रादेशिक चलन मात्र घटते ठेवण्यात आले. त्याचे मूल्य युरोबरोबर बांधलेले असून आरंभी दर तिमाहीला २ टक्क्यांचे तिकीट लागे. युरोमध्ये परत बदलताना दुकानदाराला ५ टक्के सोडावे लागतात व त्यातील ३ टक्के स्थानिक सेवाभावी संस्थांना जातात.

शून्याखालील व्याजदर

मंदीत मध्यवर्ती बँक व्याजदर कमी करते, पण शून्याजवळ पोचल्यावर अडते. ठेवीवर उणे व्याज लावले तर ठेवीदार पैसे काढून नोटा घरी ठेवील, कारण नोटेवरील व्याज नेहमीच शून्य असते. नोटेच्या या गुणधर्मामुळे पडणाऱ्या मर्यादेस शून्य तळमर्यादा म्हणतात. जपानमधील दीर्घ मंदीनंतर व विशेषतः २००८ च्या वित्तीय संकटानंतर या प्रश्नाने निकड धारण केली आणि अर्थतज्ज्ञ पुन्हा गेझेल यांच्याकडे वळले. मार्व्हिन गुडफ्रेंड यांनी २००० मध्ये नोटेत चुंबकीय पट्टी बसवून आकार वसूल करण्याची कल्पना मांडली. ग्रेगरी मॅनक्यू यांनी २००९ मध्ये एका विद्यार्थ्याची सूचना वृत्तपत्रातील लेखातून सांगितली. तीनुसार वर्षअखेरीस ० ते ९ यांपैकी एक अंक चिठ्ठी टाकून काढायचा व त्या अंकाने क्रमांक संपणाऱ्या सर्व नोटा रद्द करायच्या. म्हणजे नोट बाळगण्यावर सरासरी १० टक्के तोटा आणि तिकिटांची कटकट नाही. सूचना काहीशी गमतीने मांडलेली असली, तरी तिच्यामागचा तर्क चोख होता.

युरोपीय मध्यवर्ती बँकेने जून २०१४ मध्ये ठेवींवरील दर उणे ०.१ टक्के केला व तो पुढे उणे ०.५ टक्क्यांपर्यंत नेला. स्वित्झर्लंडमध्ये २०१५ पासून तो उणे ०.७५ टक्के होता. लोकांनी अपेक्षेइतक्या मोठ्या प्रमाणावर नोटांकडे धाव घेतली नाही, कारण नोटा साठवण्यालाही तिजोरी, विमा व वाहतूक यांचा खर्च असतोच. अप्रत्यक्षपणे नोटेवरही थोडासा डेमरेज होताच, असे यावरून दिसून आले. दर त्याहून बराच खाली नेता आला असता का, हे मात्र कोणी करून पाहिले नाही.

मुदतबंद पैसा

इलेक्ट्रॉनिक चलनात तिकिटांची गरज उरत नाही, आज्ञावलीतूनच शिल्लक घटवता येते. प्रत्यक्षात सरकारांनी आजवर हळूहळू घटण्याऐवजी एका दिवशी संपणारा पैसा पसंत केला आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये चीनच्या शेंझेन शहरात डिजिटल युआनच्या चाचणीसाठी ५०,००० रहिवाशांना सोडत काढून प्रत्येकी २०० युआन देण्यात आले. काही दिवसांच्या मुदतीत ते खर्च न केल्यास परत जाणार होते. त्याच महिन्यात भारत सरकारने केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १०,००० रुपयांची बिनव्याजी सणउचल जाहीर केली. ती रोखीत न देता आगाऊ भरलेल्या रुपे कार्डावर देण्यात आली आणि ३१ मार्च २०२१ पर्यंत खर्च करण्याची अट होती. अशा पैशाचे वर्तन गेझेल यांच्या चलनाहून निराळे असते. त्याचा पहिला खर्च नक्की होतो, परंतु दुकानदाराच्या खात्यात पोचताच तो इतर पैशासारखाच साधा पैसा बनतो व तेथून पुढे त्याला कोणतीही घाई राहत नाही.